ती उठली की वेग वाढायचा

ही गोष्ट खरी आहे. माझ्या नणंदेच्या बाबतीत घडली आणि मी तिच्या शेजारी उभी होते. वेळ भर दुपारची, जागा आमच्याच घरातली रस्त्याकडची खोली. तेव्हा काळोखाला घाबरली असेल म्हणून उडवून लावू नका.

मी लॅपटॉप दुरुस्त करते. शिकले कुठे? स्वतःचाच उघडून, बिघडवून, परत जोडून.

नणंदेला घरात सगळे चिमणी म्हणतात, चाळिशी आली तरी. नवऱ्याने टाकल्यावर कितीतरी वर्षांनी तिला नोकरी लागली होती. घरून काम. त्या संध्याकाळपर्यंत फाइल पोचली तर नोकरी पक्की. नाहीतर पुन्हा भावाच्या तोंडाकडे बघणं.

आणि कंपनीने दिलेला लॅपटॉप गोगलगाय झालेला, म्हणून तो घेऊन ती तिच्या खोलीवरून आमच्याकडे आली होती.

"वहिनी, बघ ना गं. एक अक्षर उमटायला युग लागतंय."

"तुझ्यावरच गेलाय. ढकलल्याशिवाय हलत नाही."

प्रोसेसरही माणसासारखाच. काम पडलं की वेग वाढवतो, रिकामा असला की वीज वाचवायला डुलक्या काढतो. हा मात्र कामाच्या रगाड्यातही तळाच्या वेगावर बसून होता.

चार्जर बदलला. पंख्यातली धूळ काढली. पॉवरचं सेटिंग पूर्ण वेगावर नेलं, किमान वेगाची मर्यादाही वर ढकलली.

आकडा चढला...

चिमणी समोर बसताच खाली आला. स्क्रीनही मंद झाली.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. या लॅपटॉपला समोर माणूस आहे की नाही हे ओळखणारा सेन्सर होता. खुर्ची रिकामी दिसली की तो सगळंच मंद करतो.

मी बसले. स्क्रीन लख्ख. वेग पूर्ण.

चिमणी बसली. मंद.

"म्हणजे मी त्याला दिसतच नाही?" ती हसली. "माझ्या नवऱ्याचा भाऊ शोभतोय."

मीही हसले. ती पाणी प्यायला उठली.

खुर्ची रिकामी झाली...

आणि स्क्रीन उजळली.

वेगाचा आकडा थेट टोकाला गेला. पंखा घोंघावायला लागला. फाइलमधलं तिचं सकाळपासूनचं काम शेवटाकडून पुसलं जाऊ लागलं. एकेक अक्षर. सावकाश. कोणीतरी मजा घेत असल्यासारखं.

"वहिनी, काय करतेस? हात नको लावू!"

माझे दोन्ही हात कमरेवर होते.

मी सेटिंगमधून सेन्सर बंद केला. वर काळी पट्टी चिकटवली. चिमणीला खांद्यांना धरून बसवलं.

"बस. उठायचं नाही."

पंखा एकदम थांबला...

खुर्ची मागे सरकली. चिमणीसकट. तिचे पाय जमिनीत रोवल्यासारखे घट्ट होते, तरीही.

मी चार्जर काढला, लॅपटॉप उलटा केला, स्क्रू काढले आणि बॅटरी उपटून बाहेर घेतली.

मग चिमणीच्या ऑफिसात फोन लावला. लॅपटॉप बघणारा माणूस बोलला.

"ते आधीच्या मॅडमचं मशीन आहे, ताई. वारल्या बिचाऱ्या, काम करता करताच. फार कडक. आपल्या जागेवर कुणाला टेकू द्यायच्या नाहीत."

"आणि तेच तुम्ही आमच्या गळ्यात मारलंत?"

"का? छान चाललंय की! फाइल आत्ताच पोचली. साहेब म्हणाले, नोकरी पक्की."

बॅटरी माझ्या हातात होती.

चिमणीने नोकरी नको म्हणून कळवलं, लॅपटॉप परत केला. मला वाटलं, सुटलो.

पण आता तिचा फोनही तिचा चेहरा ओळखत नाही. दुकानाचं आपोआप उघडणारं दार तिच्यासाठी उघडत नाही. लिफ्टचं दार ती मध्ये असतानाच मिटायला लागतं. मी म्हणते, यंत्रंच ती, बिघडतात.

परवा बेल वाजली. मी दार उघडलं.

जिना रिकामा...

मी दार लावायला घेतलं.

"वहिनी, आत येऊ दे ना. किती वेळ नुसती बघतेस माझ्याकडे?"

मग दिसली.

मी म्हटलं, "चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक."

मी चष्मा लावतच नाही. तिला ठाऊक आहे. मी तिला हाताला धरून आत घेतलं, आणि ती जाईपर्यंत तो हात सोडला नाही.