बाराची हजेरी

११ ऑक्टोबर १९७४. आकाश निरभ्र, वारा ईशान्येचा, कोरडा. दुपारी सावलीत ४३ अंश.

चार वाजता वाळूच्या दोन टेकड्यांमधल्या सखल जागेत गाडीचा मागचा अ‍ॅक्सल तुटला. बेव्हन खाली उतरला, चाकाकडे वाकून बघितलं आणि म्हणाला, "क्लेम, चहा टाक."

बेव्हन रॉर्क एकाहत्तर वर्षांचा. चाळीस वर्षं तो या रानावनात, वाळवंटात हिंडला. त्यातली अठरा वर्षं त्याची गाडी मी चालवली. नकाशावर जिथे कोरा कागद होता, तिथले कितीतरी पाणवठे त्याच्या पेन्सिलीने मांडलेत. हा शेवटचा फेरा, असं तो निघतानाच म्हणाला होता. डाव्या डोळ्याने त्याला आता नुसता उजेड कळतो.

पाणी मोजलं. एकवीस लिटर. अशा उन्हात दोघांना चार दिवस, फार तर पाच. जवळची वस्ती दोनशे दहा किलोमीटर. गाडी सोडून चालत निघायचं नाही, हे इथे सगळ्यांना माहीत असतं. तशी काळजीही नव्हती. रोज दुपारी बाराला वस्तीवरची व्हेरा वायरलेसवर रानात गेलेल्यांची हजेरी घेते. आपलं नाव आलं की किती जण, कसे आहोत, ते सांगायचं. अ‍ॅक्सल तुटल्याचं उद्या सांगता येणार होतं. आणि वायरलेस बिघडला तरी, तीन हजेऱ्या चुकल्या की चौथ्या सकाळी विमान निघतंच.

१२ ऑक्टोबर. ४४ अंश. वारा नाही.

व्हेराने आधी एका गुराख्याचं नाव घेतलं. "दाढी केलीस का रे? इथपर्यंत टोचतेय." मग, "रॉर्क?"

बेव्हनने बटण दाबायच्या आत उत्तर गेलं.

"रॉर्क. दोघं. सगळं ठीक. परत फिरलोय."

आवाज बेव्हनचा होता. बेव्हन माझ्यासमोर बसला होता, तोंड मिटून.

"बरं झालं बाबा," व्हेरा हसली. "चहाचं भांडं चढवून ठेवते."

मी माईक हिसकावून ओरडलो. अडकलोय, विमान पाठव. ती शांतपणे पुढचं नाव घेत होती.

"कुणीतरी थट्टा करतंय," मी म्हणालो.

बेव्हनने जिभेने पुढच्या हिरड्या चाचपल्या. मग म्हणाला, "तरुण आवाज आहे... माझे पुढचे दात होते तेव्हाचा."

दुपारभर तारा तपासल्या, बॅटरी तपासली. जादा चाकाचा टायर जाळला. धूर सरळ वर गेला. पण सगळं ठीक असलेल्या माणसांचा धूर कोण शोधणार?

१३ ऑक्टोबर. ४४ अंश.

तेच शब्द, तोच आवाज. 'ठीक'च्या आधी छोटासा खोकला, तोही तसाच.

१४ ऑक्टोबर. ४५ अंश. पाणी साडेआठ लिटर.

बाराला पाच मिनिटं असताना बेव्हन वायरलेसच्या जाळीला तोंड लावून हळूच म्हणाला, "आज गप्प बस रे... एवढा आजचा दिवस." जाळीतून गरम धुळीचा वास येत होता.

"रॉर्क?"

"रॉर्क. दोघं. सगळं ठीक. परत फिरलोय."

बेव्हनने डोळे मिटले. "अर्नीच्या वेळी मी हेच म्हणालो होतो."

अठरा वर्षांत हे नाव मी ऐकलं नव्हतं. "कोण अर्नी?"

"एकोणपन्नास साल. जोडीदार होता माझा. उलट्या थांबत नव्हत्या त्याच्या. शोधत होतो तो पाणवठा दोन-तीन दिवसांवर आला होता... आजारी आहे म्हटलं असतं तर माघारी बोलावलं असतं. तीन दिवस मी 'दोघं, सगळं ठीक, परत फिरलोय' म्हणालो आणि पुढेच जात राहिलो."

"आणि?"

"तिसऱ्या दिवशी मी एकटाच होतो."

ऊन कलल्यावर तो बुटांच्या नाड्या बांधायला लागला. "मी इथे आहे तोवर तो आवाज उत्तर देत राहणार, क्लेम. मी गेलो तर तुला तरी न्यायला येतील."

"गाडी सोडायची नाही, हे तूच शिकवलंस, म्हाताऱ्या."

"आणि तू ऐकलंस. तेच तुला वाचवेल. मी दमलोय रे... बसूनच दमलोय."

पाण्याची बाटली मी त्याच्या हातात दिली. ती त्याने बॉनेटवर ठेवली. पहिल्या टेकडीपर्यंत त्याच्यामागे गेलो, त्याचा दंड धरला. त्याने माझी बोटं एकेक करून सोडवली. धरून ठेवायला हवं होतं. माझ्याही अंगात बळ नव्हतं. तो पश्चिमेला गेला.

१५ ऑक्टोबर. ४१ अंश. थोडे ढग.

सकाळी नऊ वीसला विमान आलं. अकराला मी वस्तीवरच्या दवाखान्यात होतो.

१८ ऑक्टोबर. ३९ अंश.

व्हेरा भेटायला आली. विमान पाठवलंस कसं, म्हणून मी विचारलं. "म्हणजे काय? तीन दिवस तुमच्याकडून चकार शब्द नाही!" चहाचं काही बोललेच नाही, म्हणाली. हजेरीची वही तिने पांघरुणावर उघडून ठेवली. १२, १३, १४ तारखेपुढे तिच्याच अक्षरात होतं: रॉर्क, उत्तर नाही.

बेव्हनचा शोध नऊ दिवस चालला. बुटांचे ठसे चार किलोमीटरवर खडीच्या माळापर्यंत मिळाले. तो मिळाला नाही.

बेव्हन कुठेतरी असेल म्हणून १५ तारखेच्या हजेरीतही व्हेराने त्याचं नाव पुकारलं होतं; वहीतली ती नोंद इथे उतरवतो: दुपारी १२.०४. रॉर्क. दोघं. सगळं ठीक. परत फिरलोय.