चढणखोली आणि सत्ताविसावा तुकडा

देवगडच्या किनाऱ्यापासून दूर, साठ मीटर पाण्याखाली, लोखंडी चढणखोलीत बसून वैजयंती गवाणकर पडद्यावरची लाल ओळ तिसऱ्यांदा वाचत होती. ‘कार्यावली यादीशी जुळत नाही. तुकडा सत्तावीस सदोष. तरीही स्वीकारायची?’

समुद्रगवतावरचं तिचं तीन आठवड्यांचं काम संपलं होतं. आता फक्त वर जायचं होतं. पण इतक्या खोल मुरलेला माणूस एकदम वर आला, तर झाकण उघडलेल्या सोड्याच्या बाटलीसारखं त्याचं रक्त फेसाळतं. म्हणून चढणखोली आपल्या संगणकातल्या कार्यावलीच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या, हुकमाने आतला दाब अडीच दिवस हळूहळू उतरवते आणि मगच बोट तिला ओढून घेते. झडपा हाताने फिरवायची सोय कंपनीने मुद्दाम ठेवली नव्हती, कारण माणूस घाबरून चुकतो. पुढे कंपनीच बंद पडली. खोली उरली आणि तिच्यात आता वैजयंती होती. वर वादळ सुरू झालेलं, त्यामुळे कोणी पाणबुड्या उतरणं अशक्य. उच्छ्वासातला विषारी वायू शोषणारी पावडर होती फक्त सव्वातीन दिवसांची.

“सर, एक तुकडा जुळत नाही तर काय एवढं? मी ‘हो’ म्हणते आणि सुरू करते,” ती फोनवर म्हणाली. खोलीतल्या हेलियममुळे तिचा आवाज बदकासारखा यायचा, त्यामुळे तिची काकुळतीसुद्धा नक्कल केल्यासारखी वाटत होती.

किनाऱ्यावरच्या केंद्रातले अभियंते जनार्दन पाठारे मात्र हसले नाहीत. यादीवर बोट ठेवून खुणा करण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती, आणि चढण्याआधी कार्यावली कंपनीच्या मूळ यादीशी पडताळण्याचा नियमही यंदा त्यांनीच आणला होता. “जुळल्याशिवाय नाही. सदोष कार्यावलीवर मी माणूस चढवणार नाही. कंपनीनं टाकलेली मूळ फाइल वार्तागटात आहे, त्यातून तो तुकडा उतरवून घे. तुलाच करावं लागेल. खोलीचा संगणक फक्त आतल्या कळफलकाचं ऐकतो.”

“वार्तागट म्हणजे काय, तेच मला माहीत नाही.”

“चावडीवरचा फळा समज. कोणीही चिठ्ठी लावावी. फक्त चावडी एक नाही, हजारो आहेत. एका साठवणकेंद्रात चिठ्ठी लागली की ते शेजारच्याला नक्कल देतं, ते त्याच्या शेजारच्याला. मालक कोणी नाही. आणि प्रत्येक केंद्र आपापल्या मुदतीनं जुन्या चिठ्ठ्या फेकून देतं.”

“मग एवढी मोठी फाइल चिठ्ठीत मावते कशी?”

“मावत नाही, म्हणून तिचे चाळीस तुकडे. शिवाय काही पूरक तुकडे. चार आकडे घे आणि पाचव्या चिठ्ठीवर त्यांची बेरीज लिही. चारांतला कुठलाही एक हरवला तरी बेरजेवरून काढता येतो की नाही? तसंच हे. तुझा एक तुकडा गेलाय, म्हणजे कुठलाही एक पूरक तुकडा पुरे. मग फाइल जशी टाकली होती तश्शी उभी राहते. काना-मात्रेचाही फरक नाही.”

पडद्यावर दोन बाण होते, एक वरचा आणि एक खालचा. वर जायचा ध्यास लागलेल्या बाईने वरचा बाण दाबला. दहा मिनिटं पडद्यावर आकडे पळाले.

“अगं, काय केलंस हे!” पाठारे ओरडले. “उतरवायची होती, तू टाकलीस! खोलीतली सदोष फाइल जगभर वाटलीस. लोक काय म्हणतील?”

“काढून टाकते, सर.”

“टाकलेलं परत घेता येत नाही. कोणाला सांगणार? मालक आहे का कोणी?”

वैजयंतीचे कान तापले. पीएचडी झालेली बाई, आणि बाण ओळखता येऊ नये! तिने मुकाट्याने शोध सुरू केला. मूळ चिठ्ठ्या फार जुन्या. अकरा केंद्रांनी त्या केव्हाच फेकल्या होत्या. बाराव्यात एकच पूरक तुकडा सापडला. या सगळ्यात दहा तास गेले.

“सर, जुनी प्रत पुसू का, असं संगणक विचारतोय.”

“पूस. उगाच दोन-दोन प्रतींचा गोंधळ नको.”

‘यादीशी जुळते’ अशी हिरवी ओळ आली. झडपांतून फुसफुस सुरू झाली आणि वैजयंती इतक्या तासांत पहिल्यांदा झोपली.

चाळीस तासांनी दाबाचा काटा अठरा मीटरवर आला आणि थांबला. फुसफुसही थांबली. पडद्यावर ओळ उमटली: ‘शेजारच्या खोलीच्या संकेताची प्रतीक्षा.’

“सर, कुठली शेजारची खोली?”

फोनवर कागद उलगडल्याचा आवाज आला. मग पाठारे अगदी हळू बोलले. “मूळ आराखड्यात दोन खोल्या होत्या. दुसरी कधी बसवलीच नाही.”

“मग आजवर माणसं वर आली कशी?”

“बावतीस फर्नांडिस. कंपनीचाच मेकॅनिक. पहिल्या चढणीआधी दोन दिवस एकटा खोलीत बसला होता. कार्यावलीतून ती प्रतीक्षा त्यानंच काढून टाकली असणार. कागदावर कुठं नोंद केली नाही त्यानं, आणि मी कधी विचारलं नाही. तो आता कुठल्याशा जहाजावर आहे, फोन लागत नाही.” कागद चुरगळल्याचा आवाज आला. “तुझा सत्ताविसावा तुकडा सदोष नव्हता गं. तो दुरुस्त केलेला होता. मी तुझ्याकडून तो पुन्हा बिघडवून घेतला. आणि पुसायलाही लावला.”

वैजयंतीने दोन्ही तळवे थंड भिंतीला लावले. ही भिंत वीतभर जाडीची. पलीकडे खवळलेलं पाणी. पावडर उरली अठ्ठावीस तासांची आणि अजून चढायला लागणार वीस तास. हातात होते आठ. तिला मरणाची भीती वाटली, आणि त्याहून जास्त चीड आली त्या हिरव्या ओळीची. आपण किती निर्धास्त झोपलो होतो!

आणि मग तिचे कान पुन्हा तापले.

“सर,” ती म्हणाली, “टाकलेलं परत घेता येत नाही. तुम्हीच म्हणालात ना?”

“तू टाकलेली फाइल! शोध, लवकर शोध!” पाठारे ओरडले.

तिने खालचा बाण दाबला. तिच्या चिठ्ठ्यांना पूरक तुकड्यांची जोड नव्हती. हवा होता तो सत्तावीसच, दुसरा कुठलाही चालणार नव्हता. पहिल्या केंद्राने वादळाच्या सूचनांना जागा करायला दोन दिवसांपूर्वीचं सगळं फेकून दिलं होतं. दुसऱ्यात सव्वीस होता, अठ्ठावीस होता. तिसरं बंद. पाच तास गेले, सहा गेले. सातव्या तासाला, नावही वाचता येणार नाही अशा भाषेतल्या कुठल्याशा केंद्रात, तिच्या नावाची चिठ्ठी दिसली: ‘वैजयंती गवाणकर, तुकडा सत्तावीस.’

तिने तो उतरवून घेतला. पडद्यावर तीच लाल ओळ उमटली. तरीही स्वीकारायची?

“सर, विचारतोय.”

“यादीशी जुळत नाही ना?” पाठाऱ्यांनी विचारलं.

“नाही जुळत.”

“नीट बघ. एकदा नाही, दोनदा बघ.”

“बघितलं, सर. अजिबात जुळत नाही.”

“मग दाब,” पाठारे म्हणाले.

झडपांतून फुसफुस सुरू झाली.