नऊ नंबरचं उत्तर

ही माझ्या साडूची गोष्ट. पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसवर मेकॅनिक आहे तो. खोटं बोलायला त्याला जमतच नाही, म्हणून तर बायकोपुढे रोज सापडतो. हसा, आत्ताच हसून घ्या.

गेल्या थंडीतली शनिवारची रात्र, बारा वाजून गेलेले. टाकीला पाणी चढेना. जमिनीखालच्या खोलीतला व्हॉल्व्ह अडकला होता. साडूचा धाकटा भाऊही तिथेच कामाला. त्याने खाली उतरून चाक फिरवायचं, साडूने वर कॉम्प्युटरवर लक्ष ठेवायचं, असं ठरलं. खाली विषारी वायू साठतो. तिथला मीटर 'हवा साफ' म्हणाला, तरच माणूस उतरतो.

तिथले सगळे मीटर एकाच केबलवर. प्रत्येकाला नंबर. कॉम्प्युटर नंबर पुकारतो, तो मीटर तेवढा उत्तर देतो, शाळेतल्या हजेरीसारखं. खालच्या खोलीत पूर्वी एक फिटर गुदमरून गेला होता. तिथला नऊ नंबरचा मीटर तेव्हाच काढून टाकला आणि तो नंबर पुन्हा कुणी वापरला नाही. साडूने त्या शनिवारी दिवसा तिथे नवा मीटर बसवला. नंबराने काय घोडं मारलंय म्हणाला, आणि नऊच दिला.

रात्री नऊ नंबर दोन उत्तरं देऊ लागला. एकदा 'हवा साफ', लगेच 'वायू आहे'. साडू घाबरला नाही. एका नंबरचे दोन मीटर जोडलेले असले की असा गोंधळ होतोच. जुना कुठेतरी राहिला असेल, असं त्याला वाटलं. भावाला फोनवर थांब म्हणाला आणि पॅनेलवरून नव्या मीटरची वायर काढली.

नऊने उत्तर दिलं. वायू आहे.

मग टोकापासून एकेक मीटर सोडवत आला. दर वेळी नऊ पुकारलं. दर वेळी उत्तर. शेवटी केबलच उपटली. कॉम्प्युटरला आता काहीच जोडलेलं नव्हतं.

नऊ...

वायू आहे.

कोण बोलत होतं म्हणतेस? ...थांब जरा, बाळ.

साडूने मनात देवाचं नाव घेतलं, तेव्हा कुठे फोनवर आवाज फुटला.

"उतरू नकोस. आईची शपथ आहे."

"एक पाय शिडीवर आहे, दादा. गारठलोय, उरकून टाकतो."

"वर ये."

भाऊ अगदी हळू बोलला...

"दादा... खाली कुणाला पाठवलंयस का?"

"नाही."

"शिडी हलतेय."

साडू धावत गेला. भाऊ खोलीच्या झाकणापासून लांब बसला होता. साडूने हातात धरायचा वेगळा मीटर दोरीने खाली सोडला. तळाशी पोचताच तो मीटर किंचाळू लागला. नवा मीटर साडूने छताजवळ बसवला होता, आणि तो वायू जड, तळाला साचणारा. पोरगा उतरला असता तर... नको. आज तो सुखरूप आहे, गेल्या महिन्यात बाप झाला. त्या फिटरसाठी त्यांच्या घरात रोज हात जोडतात.

सकाळी मोठा पंखा लावून हवा काढली, मग दोघं उतरले. रात्रभर तिथे कुणी गेलं नव्हतं. तरी चिखलात पावलं होती. अनवाणी. ओली. पलीकडच्या भिंतीपासून शिडीपर्यंत आलेली.

परत गेलेली नव्हती.