दलदलीतल्या लढाईचा घोट

“तुम्ही विश्वास ठेवणार नाही. कुणीच ठेवणार नाही. पण गोठोसकरांचं नाक मी नाही कापलं. ते कापलं कधीच मरून गेलेल्या सैनिकांनी!”

एवढं बोलून दत्ताराम खोतांनी चौकशी समितीकडे असं पाहिलं, जणू टाळ्या पडायच्या राहून गेल्यात.

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या त्या अंतराळस्थानकात सिंगल माल्ट व्हिस्की मुरत ठेवली जाई. खोत तिथले सर्वांत जुने चाखणकार. मुख्य चाखणकाराची जागा मात्र वयाने धाकट्या गोठोसकरांना मिळाली, आणि त्याच दुपारी, चाखणीच्या टेबलावर, फुटक्या पेल्याने त्यांचं नाक उतरवलं गेलं. समितीला खोतांचं पटलं तर दोष दारूचा. नाही पटलं तर उरलेलं आयुष्य तुरुंगात.

“नीट सांगा,” अध्यक्ष बेहेरे म्हणाले.

“सांगतो ना! दलदलीतली माती, पीट म्हणतात तिला, वाळवून जाळायची आणि त्या धुरावर बार्ली सुकवायची. म्हणून माल्टला धुराचा वास. आता ही माती जिथली, तिथे अख्खी लढाई गाडलीय. भोसकलेली, चिरलेली माणसं. दलदलीत काही धड कुजत नाही, साहेब. त्यांचा संताप मातीत, मातीतून धुरात, धुरातून पेल्यात!”

बेहेरे हसले. पण शेजारी बसलेल्या गंधशास्त्रज्ञ डॉ. वाघुळदे हसल्या नाहीत.

“अगदीच अशक्य नाही. रोषरेणू म्हणू या त्यांना. धूर नाकातल्या गंधग्राहकांवर घट्ट बसतो. त्याच्यासोबत रोषरेणू बसले, तर इशारा थेट मेंदूतल्या रागाच्या केंद्राकडे. धूर सुटेपर्यंत दुसरा कुठलाही वास येत नाही, आणि माणूस रागाच्या ताब्यात.”

“बघा! बाईंना कळलं!” खोतांना चेव चढला. “पहिलाच घोट, आणि डोळ्यांपुढे लाल. समोर गोठोसकर नव्हताच हो, शत्रू होता! टेबल उलथलं. त्याचं डोकं धरून लोखंडी पिंपावर आपटलं, एकदा, पुन्हा. त्याने माझ्या बोटाचा लचका तोडला, ही पाहा पट्टी. तो ओरडत होता, ‘काका, सोडा, काका!’ मला फक्त रणशिंगं ऐकू येत होती. मग त्याच्याच हातातला पेला हिसकला, पिंपावर फोडला आणि...”

त्यांनी हवेत हात फिरवला. बेहेऱ्यांनी नकळत स्वतःच्या नाकाला हात लावला. झालं, सुटलो, खोतांना वाटलं.

“गोठोसकरांच्या त्या पेल्यात कुठली माल्ट होती?” बेहेऱ्यांनी विचारलं. “चाखणीचे पेले काळेच असतात ना, रंग दिसू नये म्हणून? आणि सगळं सांडलं. नोंदीपुरतं हवंय.”

खोत खुर्चीत ताठ झाले. हा काय प्रश्न झाला!

“पेले काळे असले म्हणून काय झालं? पेला फुटला तशी माझ्या अंगावर उडाली की. बिनधुराची होती, सात वर्षं मुरलेली. पिकलेला पेरू, मागून मध, आणि अगदी शेवटी ओल्या लाकडाचा वास. आंधळा केलात तरी ओळखीन. या नाकाला अजून—”

“काका,” डॉ. वाघुळदे पुढे वाकल्या, “धूर ग्राहकांवर बसला असता तर तुम्हाला पेरूचा वास आलाच नसता. तुम्ही तो घोट घेतलाच नव्हता.”