अण्णांनी सांगितलेले शेवट

डिस्क म्हणजे काय पाव आहे का, चार दिवसांत खराब व्हायला, असं अण्णा आधी म्हणाले. मग धाकटीने ती खिडकीपाशी नेऊन उजेडात तिरकी धरली, तेव्हा कडेने चहाच्या डागासारखा तपकिरी पट्टा त्यांना दिसला आणि त्यांनी आपला शब्द मागे घेतला. चूक दाखवली की मुकाट्याने मान्य करायची, हा त्यांच्या धंद्याचा नियम होता. छापखान्यात छत्तीस वर्षं त्यांनी मुद्रितं तपासली होती. तिथे त्यांना सगळे वेलांटीमास्तर म्हणत, अगदी तोंडावरही.

"आईच्या सगळ्या डिस्क अशाच जाणार बघा," धाकटी म्हणाली. "त्याआधी प्रती करून ठेवा. मी सॉफ्टवेअर टाकून देते."

आईच्या डिस्क बासष्ट होत्या, सगळे सिनेमे. टीव्हीखालच्या कपाटात तिने लावल्या होत्या त्याच क्रमाने त्या अजून उभ्या होत्या. तिला जाऊन वर्ष झालं होतं, पण अण्णांनी तिथली धूळसुद्धा पुसली नव्हती.

रविवारी धाकटी आली. डिस्क वाचणारी एक चपटी पेटी तिने वायरने कॉम्प्युटरला जोडली आणि एका कागदावर ठळक अक्षरांत पायऱ्या लिहून दिल्या. डिस्क घाला. यादी दिसेल. सगळ्यांत लांब असेल त्याच ओळीसमोर खूण करा. फोल्डर निवडा. बटण दाबा. काम संपेपर्यंत हात लावू नका. शेवटच्या वाक्याखाली तिने दोन रेघा ओढल्या होत्या. अण्णांनी कागद हातात घेऊन आधी त्यातली एक वेलांटी सुधारली.

पहिल्या दिवशी त्यांनी यादीतल्या झाडून सगळ्या ओळींसमोर खुणा केल्या. अर्धवट काम त्यांना जन्मात जमलं नव्हतं. पेटी तीन तास घरघरत राहिली आणि हाती लागले एकोणीस तुकडे. त्यांतल्या बारांत डिस्कच्या सुरुवातीच्या यादीमागे दिसतो तो नुसता धबधबा पडत होता आणि तेच ते संगीत वाजत होतं. फोनवर हे ऐकून धाकटी पोट धरून हसली. वर्षभरात ती त्यांच्यापाशी पहिल्यांदाच हसली होती, म्हणून अण्णांनी तो धबधबा तिला आणखी दोनदा रंगवून सांगितला.

दुसऱ्या दिवशी नीट जमलं. मूळ सिनेमा एक तास अठ्ठेचाळीस मिनिटं बारा सेकंदांचा, प्रतही तेवढीच. दुसरा कोणी असता तर तेवढ्यावर मोकळा झाला असता. पण मुळाशी ताडून न पाहिलेली प्रत अण्णांच्या लेखी प्रतच नव्हती. त्यांनी टीव्हीवर मूळ डिस्क लावली, शेजारच्या टेबलावर कॉम्प्युटरवर प्रत लावली, दोन्ही एका क्षणी सुरू केल्या आणि लेखणी हातात घेऊन समोर खुर्ची टाकून बसले.

सिनेमा एका इंजिनचालकाचा होता. दीड तास दोन्ही पडदे पावलाला पाऊल लावून चालले. मग टीव्हीवर पूल कोसळला, इंजिन नदीत गेलं, चालकाची टोपी पाण्यावर तरंगली आणि नावं सरकू लागली. कॉम्प्युटरवर मात्र तोच चालक कुबडी टेकत आपल्या घराच्या पायऱ्या चढत होता. बायकोने त्याच्या हातातली पिशवी घेतली.

"जिवावरचं पायावर निभावलं," तो म्हणाला.

अण्णांच्या हातून लेखणी खाली पडली. ते वाक्य सिनेमातलं नव्हतंच. ते त्यांचं स्वतःचं होतं, वीस वर्षांपूर्वी याच खोलीत बसून बायकोला सांगितलेलं.

त्याचं असं होतं. बायकोला सिनेमाचं वेड, पण शेवट सोसायचा नाही. वीस मिनिटं राहिली, की ती हमखास उठायची. कधी दूध बघते म्हणायची, कधी कपडे वाळले का बघते. स्वयंपाकघरातून मग तिचा आवाज यायचा, "अहो, काय झालं हो शेवटी?" आणि अण्णा, ज्यांनी आयुष्यात दुसऱ्याच्या मजकुरातला एक शब्द इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता, ते इथून बिनदिक्कत थाप मारायचे. बुडालेला वाचायचा, रुसलेली परत यायची, बंद पडलेली शाळा सुरू व्हायची. बाईने शेकडो सिनेमे पाहिले आणि एकाचाही खरा शेवट तिला ठाऊक नव्हता. निदान अण्णांची तशी समजूत होती.

त्यांनी तीच डिस्क पुन्हा घातली, पुन्हा प्रत काढली, पुन्हा ताडून पाहिली. चालक पुन्हा पायऱ्या चढला.

पुढच्या आठवड्यात त्यांनी आठ डिस्क उतरवल्या. प्रत्येक वेळी दोन पडदे मांडले आणि वहीत दोन रकाने आखले, मूळ आणि प्रत. एका सिनेमात मालक मेल्यावर कुत्रा टेकडीवर बसून राहतो. तो शेजाऱ्यांनी पाळला, असं अण्णा तेव्हा म्हणाले होते. प्रतीत तो शेजाऱ्यांच्या अंगणात बांधलेला होता आणि अंग खाजवून घेत होता. दुसऱ्या एकात नायिका घरी परत येते, हे सांगताना अण्णांनी घराचं दार हिरवं सांगितलं होतं. अख्ख्या सिनेमात ते पिवळं होतं, त्यांचीच नजरचूक. प्रतीतही ते पावणेदोन तास पिवळं राहिलं आणि शेवटच्या दृश्यात हिरवं झालं. अण्णांनी वहीत त्या ओळीसमोर नोंद केली, "माझ्या चुकीसकट." मग त्यांना बसल्या जागी थंडी वाजू लागली आणि भर दुपारी त्यांनी स्वेटर चढवला.

एकसष्ट डिस्क करायच्या, बासष्टावी करायची नाही, हे त्यांनी त्याच दिवशी मनाशी पक्कं केलं.

बासष्टावी डिस्क हॉस्पिटलात नेलेली होती. बायकोच्या खाटेवर मांडता येईल असा छोटा प्लेअर धाकटीने आणला होता आणि त्यावर अण्णा आणि बायको एका म्हाताऱ्या आईचा सिनेमा पाहत होते. त्या आईचा मुलगा परगावी असतो, ती त्याची वाट पाहत असते. त्याच सकाळी अण्णांना निरोप आला होता. आईला भेटायला निघालेला त्यांचा थोरला मुलगा रस्त्यातच गेला होता. मोठी गाडी, ओला रस्ता. अण्णांनी जाऊन त्याचा चेहरा पाहिला, ओळख पटवण्याच्या कागदावर सही केली आणि एका पाकिटातून त्याचं घड्याळ ताब्यात घेतलं. ते आईनेच त्याला दिलेलं होतं. थोरला डावखुरा, म्हणून लहानपणापासून घड्याळ उजव्या मनगटावर बांधायचा. त्यावरून घरात त्याला सगळे उलटा म्हणून चिडवायचे. पाकीट खिशात घालून अण्णा परत खाटेपाशी येऊन बसले.

वीस मिनिटं राहिली. ती आता उठून जाऊ शकत नव्हती, तिने नुसते डोळे मिटले.

"काय झालं हो शेवटी?"

"येतो," अण्णा म्हणाले. "चार वाजता दारात उभा राहतो. म्हणतो, वाटेत गाडी बंद पडली होती. आधी पाणी दे."

"आणि आपला?"

"आपलाही येतोय. निघालाय. गुरुवारी चारला पोचेल."

"कसा दिसतोय?"

"कसा म्हणजे? निळा शर्ट घातलाय. खांद्याला पिशवी. डाव्या मनगटावर तू दिलेलं घड्याळ."

तिने डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग हात थोपटत म्हणाली, "बरं. येऊ दे."

गुरुवारी दुपारी दोनला ती गेली. छापून झाल्यावर सापडावी तशी आपली मनगटाची चूक अण्णांना त्या रात्री सापडली, पण ती सुधारून घ्यायला समोर कोणी नव्हतं. धाकटीने मात्र वेगळाच राग धरला. "शेवटच्या दिवसांतसुद्धा आईशी खोटं बोललात," एवढंच ती म्हणाली होती. त्यानंतर ती औषधं आणून द्यायची, वीजबिल भरायची, पण बोलायची ते पाहुण्यासारखं.

आता अण्णांना राहवेना. पुढच्या भेटीत त्यांनी तिला वही दाखवली. ती दातांच्या दवाखान्यात काम करायची, डोळ्यांना दिसेल त्यावरच विश्वास ठेवणारी. तिने तीन सिनेमांचे शेवट पाहिले. दोन्ही पडद्यांवर. तिसऱ्यानंतर ती उठली आणि सगळ्या वायरी तपासून आली.

"बासष्टावी केलीत?" तिने विचारलं.

"नाही."

"का नाही?"

"ती करायची नाही."

"तुम्ही आईला त्या सिनेमाचा काय शेवट सांगितलात?"

अण्णांनी सांगितलं. दाराचं, चार वाजल्याचं, पाण्याचं. थोरल्याचंही त्यात मिसळलं होतं, तेही सांगितलं. कपड्यांपाशी येऊन मात्र त्यांची जीभ अडखळली. "शर्ट निळा," एवढंच ते म्हणाले. मनगटाची गोष्ट त्यांनी गिळली. स्वतःची चूक लपवायची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

धाकटीने वही मिटली. मग तिचा आवाज फुटला. "तेव्हा मला खोटं नको होतं, अण्णा. आता चालेल. आता काहीही चालेल."

"ती प्रत असते, बाळ. मूळ नव्हे."

"मूळ कुठे आहे?" ती म्हणाली.

गुरुवारी तिची अर्धी सुट्टी असे. अण्णा जेवून आडवे झाले होते. तिच्याकडे घराची किल्ली होती. त्यांना जाग आली ती पेटीच्या घरघरीने.

बाहेरच्या खोलीत ती कॉम्प्युटरसमोर ताठ बसली होती. पडद्यावर हिरवी पट्टी सरकत होती. एक्क्याण्णव टक्के. भिंतीवर पावणेचार.

"काढ ती," अण्णा म्हणाले आणि त्यांनी वायरीला हात घातला.

तिने त्यांचा हात धरला. जोर नव्हता तिच्या बोटांत. टेबलावर तिचाच कागद पडला होता, दोन रेघा ओढलेला. काम संपेपर्यंत हात लावू नका.

अण्णांना हात सोडवून घेता आला असता. त्यांनी तो सोडवला नाही. वर्षभर त्यांनाही कोणीतरी दार वाजवायला हवं होतं, हे त्यांना त्या क्षणी कळलं, आणि कळल्यावर लाज वाटली नाही.

पंच्याण्णव. अठ्ठ्याण्णव.

पट्टी भरली. पेटीने घरघर थांबवली आणि डिस्क बाहेर ढकलली. अण्णांनी ती उचलली. ती गरम होती, आणि तिच्यावरचा तपकिरी पट्टा पार मधल्या भोकापर्यंत पोचला होता.

धाकटीने प्रत उघडून थेट शेवटाकडे नेली. म्हातारी आई खुर्चीवर बसलेली होती. समोर बंद दार. ती मान वर करते. तिला काहीतरी ऐकू आलेलं असतं.

बेल वाजली.

"आवाज कमी कर," अण्णा म्हणाले.

"आवाज बंद आहे, अण्णा."

बेल पुन्हा वाजली. त्यांच्या दाराची.

धाकटी धावली. धावताना तिची चप्पल पायातून निसटली, ती तशीच पुढे गेली. कडी निघाल्याचा आवाज आला. मग ती रडू लागली, हसू लागली, "दादा, दादा" म्हणू लागली.

अण्णा आधी आतल्या खोलीत गेले. कपाटाचा खण उघडला. घड्याळाचं पाकीट होतं तिथेच होतं, चिकटवलेलं, वर त्यांच्याच अक्षरात तारीख. त्यांनी ते चाचपलं. ते रिकामं होतं.

ते बाहेर आले. दारात निळा शर्ट होता, खांद्याला पिशवी. चेहरा थोरल्याचा होता. हनुवटीवरचा लहानपणीचा व्रणसुद्धा जागच्या जागी.

"वाटेत गाडी बंद पडली होती," तो म्हणाला. "आधी पाणी दे."

धाकटीने पेला आणला. अर्धं पाणी जमिनीवर सांडलं. "अण्णा, असे बघताय काय? दादाला आत घ्या ना."

त्याने उजवा हात पुढे करून पेला घेतला आणि घटाघटा प्यायला. डावा हात त्याने चौकटीवर टेकवला होता. त्या मनगटावर घड्याळ होतं, आणि त्यात बरोबर चार वाजले होते.