गुहेबाहेर थांबणारा गाइड

"…आणि हा समोरचा डोंगर! एरवी ढगात तोंड लपवून बसतो. पण आज तुम्ही आलात म्हणून—"

"—लाजत लाजत बाहेर आलाय," मधल्या बाकावरून कुणीतरी वाक्य पुरं केलं.

अख्खी बस खो खो हसली. गाइडचा माइक तसाच तोंडाशी राहिला, आणि मधल्या बाकावरच्या नर्सने जीभ चावली. अगं बाई! मनातल्या मनात म्हणायचं ते तोंडातून निसटलं की!

पण तिचा तरी काय दोष? या बेटांच्या देशात आल्यापासून रोज हीच बस, हाच डोंगर आणि हाच विनोद. मावशीचे गुडघे चालायला साफ नाही म्हणत होते, आणि बेटाला फेरी मारणाऱ्या या बिनछपराच्या बसचं तिकीट आठवडाभर चालायचं. "बसल्या जागी सगळा देश दिसतो गं, आणखी काय हवं माणसाला?" असं म्हणत मावशी रोज सकाळी टोपी चढवून हजर. रात्रपाळ्या करून करून थकलेल्या भाचीला मावशीनेच हट्टाने इथे आणलं होतं, मग नाही कसं म्हणणार?

दुपारी बस काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर थांबली. निखाऱ्यावर मासे चुरचुरत होते, लिंबाचा वास सुटला होता. नर्स माशाचे काटे काढत होती, तोच समोर अननसाच्या फोडींची बशी आली. बशीमागे गाइड.

"माझी वाक्यं चोरलीत तुम्ही."

"चोरली कसली? तुम्ही तर रोज फुकट वाटताय."

"उद्या नवीन विनोद आणतो."

"छे, नको! मावशीला हाच आवडतो. रोज नव्याने हसते ती."

तो हसला… डोळे बारीक करून, मान खाली घालून. तिला ते हसू आवडलं, आवडलं म्हणजे फारच आवडलं. अननसाची फोड तिने उगाच मिठात दोनदा बुडवली.

"खरं सांगू?" तो हळूच म्हणाला. "तुमच्यासारखं माणूस या बसमध्ये आजवर बसलं नाही."

झालं! तिचा चेहरा खर्रकन उतरला.

"हेच काल त्या काठीवाल्या आजोबांना म्हणालात," ती म्हणाली आणि बशी त्याच्याकडे सरकवली.

आता एवढ्यावरून रागवायचं काय, असं कुणालाही वाटेल. पण तिचं लग्न एकदा ठरता ठरता मोडलं होतं, आणि तो माणूसही असाच साखरेसारखं बोलायचा. तिला जे सांगायचा, तेच तो आणखी एकीला सांगत होता. त्या दिवसापासून गोड बोलणाऱ्यांच्या बाबतीत तिने कानाला खडा लावला होता. आणि आता हा आवडावा? सगळं सोडून हा? तिला स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी त्यांची परतीची बोट होती, संध्याकाळची. मावशीने तरीही सकाळी बस गाठलीच.

गुहेपाशी मावशी सोडून सगळे उतरले. गाइडने नेहमीसारखं तोंडाशी उभं राहून सांगितलं—छतातून लोंबणारे दगड, तळाशी निळं पाणी. लोक कंदील घेऊन आत गेले. तो बाहेरच थांबला. रोज थांबायचा.

"तुम्ही आत का येत नाही?" तिने विचारलं.

"बसपाशी कुणीतरी नको का?"

"ड्रायव्हर आहे. मावशी आहे. मावशी तर ड्रायव्हरलाही सांभाळेल."

तो हसला नाही. बुटाच्या टोकाने माती उकरत राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"मला… अंधाराची भीती वाटते," शेवटी तो म्हणाला. "मी कधी आत गेलोच नाही. बाबा गाइड होते, ते सांगायचे तेच मी सांगतो. हे आजवर कुणाला बोललो नाही. हसा आता."

तिला मुळीच हसू आलं नाही. तिने कंदील उचलला, दुसरा हात पुढे केला.

"चला. मी आहे ना."

आत गारवा होता, कुठेतरी पाणी ठिबकत होतं. त्याचा हात घामाने ओला झाला होता. तिची बोटं सवयीने त्याच्या मनगटावर गेली… बापरे, नाडी नुसती धावत होती! मग तीच बोलू लागली, त्याच्याच वाक्यांत. "हा दगड बघा, हत्तीची सोंड. इथे डोकं सांभाळा, हत्ती सांभाळणार नाही…" तो कसाबसा हसला. एक वळण, आणखी एक, आणि वरच्या फटीतून ऊन आत आलं. खाली पाणी होतं, निळंशार.

"बाबा खोटं नव्हते सांगत," तो पुटपुटला. त्याचे डोळे भरून आले होते.

तिने कंदील जरा खाली घेतला. मग म्हणाली, "भीती गेली?"

"गेली."

"नक्की?"

"अगदी नक्की."

"मग नाडी अजून का धावतेय?"

तो बोलायला गेला आणि अडकला. "ते… म्हणजे… तुम्ही… बोट आज… मी तर—" दिवसभर माइकवर बडबडणाऱ्या माणसाची पार त त प प झाली. "मला काही सुचतच नाहीये," तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

"सुचू देऊ नकोस," ती म्हणाली. "तुझं हे एकच बोलणं मला पाठ नाहीये."

तिचे डोळे पाण्याने भरले होते आणि ती हसत होती. तिने मनगट सोडलं आणि त्याचा हात धरला.

बाहेर मावशी बसमध्ये टोपीने वारा घेत होती. दोघं हातात हात घालून उन्हात आली, तशी ती नीट सावरून बसली.

"मावशी," नर्स अडखळत म्हणाली, "आजची बोट… मी… रजा वाढवून मागितली तर?"

"माग की," मावशी म्हणाली आणि शेजारच्या जागेवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. "आणि त्याला म्हणावं, बस. बिचारा घामाने निथळलाय."