न मिटणारा मेनू

खोटं सांगून मला काही मिळणार नाही. हे माझ्या आतेबहिणीच्या, द्वारकाच्या बाबतीत घडलंय.

साल २००३. ऑगस्टमधला रविवार, दुपारचे दोन. सदाशिव पेठेतलं वेबसाइट बनवणारं एक छोटं ऑफिस.

द्वारका यवतमाळची. नोकरी लागून जेमतेम तीन आठवडे झालेले. शेजारच्या मशीनवर बसणारा उत्तरेश्वर बुधवारपासून आलाच नव्हता. त्याचं अर्धवट काम हिच्या गळ्यात पडलं.

"सोमवारी अकराला क्लायंट येतोय," ऑफिसचे मालक रंगनाथ सर म्हणाले होते. "तोवर साइटचा मेनू नीट झाला नाही, तर यवतमाळच्या गाडीचं तिकीट काढून ठेवा."

त्या रविवारी ऑफिसात ती एकटीच, उत्तरेश्वरच्या मशीनवर.

काम साधं होतं. माउसचा बाण मेनूतल्या नावावर नेला की खाली यादी सरकत उघडायला हवी. बाण हलवला की मिटायला हवी.

यादी मिटतच नव्हती.

माउसही अडखळत होता. तिनं तो उलटा करून तळातला रबरी बॉल काढला. आतल्या चाकांवर मळ होता...

ओला.

नखानं खरवडला, तर पातळ सालीसारखा सुटून आला. वास कुजक्या मटणाचा. तिनं हात धुतले. दोनदा धुतले.

परत आली, तर यादी उघडी. बाण मात्र पार कोपऱ्यात.

मग तिनं कोडमध्ये दोन ओळी घातल्या. बाण यादीवर आला की पडद्याच्या तळाशी 'आत' उमटेल. गेला की 'बाहेर'.

पान पुन्हा उघडलं. माउसला हातही लावला नाही.

आत.

यादी सावकाश खाली सरकली...

तिनं माउसची वायर उपटली.

आत.

आत.

आत.

'बाहेर' एकदाही नाही.

टेबलावर माउस उलटाच पडला होता. बॉलच्या भोकातून काहीतरी पिवळट झिरपत होतं... चिकट, कोमट. तिच्या मनगटापर्यंत आलं.

द्वारका तिथंच ओकली.

ऑफिसच्या वहीत उत्तरेश्वरच्या घरमालकाचा, वाघोलीच्या सर्जेरावांचा नंबर होता. रोज हा माउस धरणारा हात आता कुठे आहे, या विचारानं तिनं तो फिरवला.

"दार बंद हाय," सर्जेराव म्हणाले. "पोरगं गावाला गेलं असंल. पन वास लई सुटलाय बघा. उंदीर मेलाय जनू."

"काका, दार फोडा. आत्ताच्या आत्ता!"

फोडलं.

उत्तरेश्वर बुधवारीच गेला होता. तापानं. अंगावर दुसरी जखम नाही, पण उजव्या हाताच्या बोटांची कातडी टोकापासून सोललेली.

"उंदरांनी कुरतडलं," पोलीस म्हणाले.

फक्त उजव्याच हाताची?

सरांनी ते मशीन भंगारात दिलं. मेनू दुसऱ्या मशीनवर मुकाट चालला. कोडमध्ये चूक काय होती, ते कुणालाच सापडलं नाही.

द्वारका पुण्यातच राहिली. लग्न झालं, मुलं झाली. पण आजही भात कालवता कालवता मधेच थांबते. बोटांकडे बघत राहते...

मग ताट तसंच ठेवून उठते.